बाईकची प्रवासवर्णनं सगळी एकसारखीच का वाटतात?

निवांत_वाचक
मंडळी, आधीच सांगतो, मी बाईकवाला नाही. घरात एक स्कूटर आहे, तिची धाव मंडईपासून ऑफिसपर्यंत. पण लांबच्या बाईक-सफरींची वर्णनं वाचायचा नाद जुना. इथली तर बहुतेक सगळी वाचली असतील, प्रतिसादांसकट.

हल्ली मात्र दुसऱ्या भागातच पुढचं सगळं कळून चुकतं. भाग १ मध्ये 'बऱ्याच वर्षांचं स्वप्न', साहेबांनी रजा मंजूर करणं, घरच्यांची मनधरणी, गाडीचं सर्व्हिसिंग. मग मनाली, मग मॅगी, मग 'शब्द अपुरे पडतात'. लडाखमधल्या खारदुंगला खिंडीच्या पाटीजवळ हात पसरून फोटो. शेवटच्या भागात हिमालयाने काय शिकवलं ते. लेखकांची नावं आपसात बदलली तरी कुणाला पत्ता लागणार नाही.

खवचटपणा नाही, खरंच विचारतोय. इतके दिवस उन्हापावसात उघड्यावर काढलेल्या माणसाकडे सांगण्यासारखं भरपूर असणार. ते लिहिताना जातं कुठे? रस्ता तोच म्हणून? गाड्या सुधारल्या म्हणून? की लिहिणाऱ्यालाच घाई?

घाटवळण
पहिला! वाचतोय.

लामा_रायडर
तो हात पसरलेला फोटो माझाच असणार, दिवे (म्हणजे हलकेच) घेतले.

पण थोडी आमची बाजू ऐका. मनाली–लेह हा रस्ता एकच आहे हो. तांदीला पंप, तिथे ती प्रसिद्ध पाटी: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. म्हणजे जो तो तिथे थांबणार, टाकी गळ्यापर्यंत भरणार, कॅन बंजी दोरीने आवळणार आणि पाटीचा फोटो काढणार. पुढे जिस्पा, नाहीतर सरचू, नाहीतर पांग. मुक्काम तिथेच, कारण अधेमधे छप्पर नाही. गाटा लूप्सची २१ वळणं, मोरे मैदान, मग तांगलांगला खिंड. क्रम बदलायची सोय नाही. त्यात २०२० च्या ऑक्टोबरात नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला. पूर्वी रोहतांगचा चिखल आणि ट्रकांची रांग यावर आख्खा भाग निघायचा. आता चहा गार व्हायच्या आत तुम्ही लाहौलमध्ये.

आणि लोक हे साहित्य म्हणून वाचत नाहीत. आपलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. मनालीत भाड्याने घेतलेली गाडी लेहहून पँगाँगला नेऊ देत नाहीत, लेहमध्ये वेगळी घ्यावी लागते. हे मला अशाच एका कंटाळवाण्या वर्णनातून कळलं आणि माझे पैसे वाचले.

कुळागर
मग त्याला माहितीपत्रक म्हणा आणि एका पानात संपवा. नऊ भाग आणि प्रत्येक भागाखाली 'पुभाप्र' (पुढील भागाच्या प्रतीक्षेत) कशाला?

चिंचगुळ
फोटो दिसत नाहीत.

निवांत_वाचक
चिंचगुळ, धाग्यात फोटो नाहीतच.

चिंचगुळ
तरी वाटलंच.

पाना_१०_१२
माझ्या मते दोष गाड्यांचा. हल्ली त्या बंदच पडत नाहीत.

पूर्वी काय व्हायचं? उंचावर हवा विरळ, पण कार्बोरेटरचा जेट पेट्रोल सोडणार तेवढंच. मिश्रण दाट झालं की काळा धूर, प्लग काजळून काळाठिक्कर, चढावर गाडी मान टाकते. मग दगडावर बसून प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, एअर फिल्टरचं झाकण सैल करून बघायचं. तेवढ्यात कुणीतरी मेंढपाळ येऊन शेजारी बसतो. २०२० ला बीएस-६ चे प्रदूषण-नियम आले आणि बहुतेक गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या. हवेचा हिशेब आता सेन्सर ठेवतो. तुम्ही वर जाता, खाली येता, मेंढपाळ लांबून बघत राहतो.

एक सांगतो. हंपीहून परतताना विजापूर सोडलं आणि जतवरून पंढरपूर गाठायचं ठरवलं. जत ओलांडल्यावर क्लच केबल गेली, ऐन लिव्हरपाशी, टोकाची गुंडी म्हणजे निपल उपटून. सुटी केबल नव्हती. क्लचशिवाय गाडी चालते, फक्त माणूस घामाघूम होतो. न्यूट्रलला इंजिन चालू करायचं, पळत ढकलायची, वेग आला की उडी मारून बसायचं आणि पहिला गिअर टाकायचा. गतिरोधक आला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. असं करत एका फाट्यावर पोचलो. तिथे एक सायकलचं दुकान, म्हणजे पत्र्याखाली एक पंप आणि एक म्हातारा.

म्हाताऱ्याने केबल हातात घेतली, सुटलेल्या तारा जिभेवर थुंकी लावून वळल्या, पेढ्याच्या रिकाम्या खोक्यातून एक पितळी स्क्रू-निपल शोधून काढला, तारा त्यातून ओवून टोकं उलटी मुरगळली आणि स्क्रू आवळला. दहा मिनिटं. पैसे विचारले तर म्हणाला, "पैसं नगं. मंगळवेढ्याला जातूयास न्हवं? लेकीकडं सोड." दुकानाला कुलूप नव्हतंच. डाळिंबाची पिशवी मांडीवर घेऊन मागे बसला.

वाटेत माझ्या खांद्यावर थाप मारून एक वड दाखवला. म्हणाला, "हितं हजेरी हुयाची." बहात्तरच्या दुष्काळात त्याच रस्त्याची खडी त्याने आणि त्याच्या बायकोने फोडली होती, सुकडी खाऊन. कुठल्या मैलाला मुकादम पैसे खायचा, कुठे पाण्याचा टँकर यायचा, सगळं त्याला पाठ. मंगळवेढ्यापर्यंत मी ज्या रस्त्यावरून गेलो तो माझ्या नकाशात नव्हता.

हंपीवर मला दोन ओळीसुद्धा लिहिता येणार नाहीत. फोटो आहेत पाचशे.

घाटवळण
पाना, स्वतंत्र लेख हवा यावर. पहिला म्हणून नुसता हजेरी लावायला आलो होतो, आता पाटच मांडून बसतो.

सोनकी
पानाभाऊ, किस्सा झकास. पण गाड्या बंद पडत नाहीत ही तक्रार फक्त पुरुषच करू शकतो. संध्याकाळी सहाला अनोळखी फाट्यावर माझी केबल तुटली तर माझ्या डोक्यात 'वा, किस्सा' येत नाही. मी आधी बघते की आजूबाजूला एखादी बाई दिसते का. फ्युएल इंजेक्शन ज्याने काढलं त्याचं भलं होवो.

मी एकटी कोकणातून सागरी मार्गाने खाली जाते. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेसवी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड. दर खाडीला गाडी फेरीबोटीत चढवायची, गिअरमध्ये लावायची आणि पुढचा ब्रेक धरून शेजारी उभं राहायचं, कारण डेक ओला असतो. त्या पंधरा मिनिटांत पळायला जागा नसते, त्यामुळे मुलाखत ठरलेली. पुरुष रायडरला विचारतात, "गाडी किती देते?" मला विचारतात, "घरचे सोडतात?" दाभोळच्या बोटीत एका मासेवालीने मात्र पाटी खाली ठेवून नीट उलटतपासणी घेतली.
"एकलीच?"
"हो."
"नवरा?"
"घरी."
"मंग जेवन कोन करतो त्याचा?"
"तोच करतो."
यावर ती पलीकडच्या टोकाला असलेल्या मैत्रिणीला ओरडून म्हणाली, "अगो, हिचा घोव रांधतो!" अख्खी बोट माझ्याकडे बघायला लागली. चालकसुद्धा.

आणि हो, मोठी सफर म्हणजे मोठी गाडी हेही डोक्यातून काढा. फ्रान्सची आन-फ्रान्स दोतव्हील १९७३ मध्ये १२५ सीसीच्या कावासाकीवर एकटी जगप्रदक्षिणेला निघाली होती. इंग्लंडची एल्स्पेथ बीअर्ड १९८२ मध्ये जुन्या बीएमडब्ल्यूवर निघाली, तेव्हा ती आर्किटेक्चर शिकत होती. दोघींनाही 'घरचे सोडतात?' विचारलं गेलं असणार याबद्दल मी पैज लावायला तयार आहे.

अण्णा_सांगलीकर
'किती देते' ला मरण नाही. द्रासच्या अलीकडे चेकपोस्टला जवानाने कागद बघितले, मग नंबरप्लेटवरचं एमएच १० बघितलं, मग इकडंतिकडं बघून हळूच, "कितीला पडती हो ही गाडी? आन् देती किती?" गडी आमच्या शेजारच्या तालुक्यातला निघाला. पाच मिनिटं पावसापाण्याच्या गप्पा. मागं थांबलेल्या दिल्लीकरांना वाटलं मला अटक झाली.

कुळागर
लोल.

वाटसरू_नाशिक
रच्याकने (बाय द वे), पुण्याहून चंदीगडला बाईक रेल्वेने पाठवायची तर काय करावं लागतं?

लामा_रायडर
टाकी पूर्ण रिकामी करायची, स्टेशनबाहेरचे पॅकिंगवाले गोणपाट गुंडाळून देतात. आरसे काढून बॅगेत ठेवा, नाहीतर तिकडे नवे घ्यावे लागतील. आरसी आणि ओळखपत्राची प्रत लागते. तुमचंही त्याच गाडीचं तिकीट असेल तर लगेज म्हणून टाका, पार्सल म्हणून टाकली तर तुम्ही आधी आणि गाडी मागाहून असं होऊ शकतं. उतरल्यावर लगेच पेट्रोल लागेल, पंप किती लांब आहे ते आधी बघून ठेवा.

कुळागर
धाग्याचंच पार्सल झालं.

जुनाजाणता
उशिरा येतोय, वयोमानाने. निवांतरावांच्या प्रश्नातल्या तिसऱ्या पर्यायाला माझं मत. घाई.

लोक आता रात्री हॉटेलात पोचले की दिवस लिहून मोकळे होतात. तो जमाखर्च झाला. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले ते घरावरचं कर्ज फेडायला दक्षिणा मिळवावी म्हणून. बंडात सापडले, झाशीला वेढा पडला तेव्हा आत होते, मिळालेलं वाटेत लुटलं गेलं, आणि घरी आले ते गंगेची कावड घेऊन. लिहायला बसले पंचवीसएक वर्षांनी, तेही चिंतामणराव वैद्यांनी गळ घातली म्हणून. ते 'माझा प्रवास' छापून आलं १९०७ साली. सोनकीताईंनी उल्लेख केलेल्या बीअर्डबाई १९८४ मध्ये परतल्या, तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही. त्यांचं पुस्तक आलं २०१७ मध्ये.

मधल्या वर्षांत पेट्रोलचे भाव, हॉटेलांची भाडी, कितीला निघालो आणि कितीला पोचलो हे सगळं गळून पडतं. उरतं ते लिहावं. मुंबईहून १५ ऑक्टोबर १९२३ ला सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले, साडेचार वर्षांनी त्यातले तिघे प्रदक्षिणा पुरी करून परतले. त्या तिघांच्या पराक्रमाबद्दल आदर आहेच. मला मात्र वाटेत थांबलेल्या तिघांचं ऐकायला जास्त आवडलं असतं.

लामा_रायडर
काका, मुद्दा मान्य, पण गोडसे भटजींच्या वाट्याला सत्तावन्नचं बंड आलं. आमच्या वाट्याला शनिवार-रविवार धरून नऊ दिवसांची रजा. पंचवीस वर्षं थांबून मी काय लिहू, सरचूच्या तंबूत गाद्या कशा होत्या?

जुनाजाणता
पंचवीस वर्षांनी गाद्या आठवत असतील तर जरूर लिहा. काहीतरी घडलं असणार.

फाटका_नकाशा
सगळ्यात गाजलेली बाईक-सफर कुठली? चे गव्हेराची, १९५२. पाचशे सीसीची जुनी नॉर्टन, तिचं नाव 'ला पोदेरोसा', म्हणजे ताकदवान. ती चिलीतच राम म्हणाली. पुढचं अर्ध्याहून जास्त खंड दोघं मित्र ट्रकवर हात दाखवत, पायी आणि तराफ्यावर हिंडले. पेरूतली कुष्ठरोग्यांची वसाहत, खाणकामगार, जे काही लोकांच्या लक्षात राहिलंय ते बरंचसं गाडी गेल्यावरचं. पानाशी मी पूर्ण सहमत.

सोनकी
फाटका, ते दोन पुरुष होते आणि त्यातला एक जीवरसायनशास्त्रज्ञ, दुसरा होऊ घातलेला डॉक्टर. हात दाखवून ट्रक थांबवणं आणि त्यात बसणं सगळ्यांना सारखं नसतं, एवढंच माझं म्हणणं.

रानमेवा
ऑफ-रोडिंगला हिमालयात कशाला जाता? मुंबई–गोवा महामार्ग आहे की. मोरे मैदान वगळता सगळं मिळतं.

डॉ_कडुलिंब
एक गंभीर मुद्दा. ही वर्णनं वाचून माझ्याकडे लोक उंचावर होणाऱ्या त्रासाचं औषध लिहून घ्यायला येतात, म्हणून मीही वाचतो. मनाली दोन हजार मीटरच्या आसपास. सरचू ४२०० च्या वर. सकाळी मनालीतून निघून रात्री सरचूला झोपणं म्हणजे शरीराला वेळच न देणं. श्रीनगर–कारगिल मार्गे गेलात तर पहिली झोप कारगिलला, २७०० मीटरच्या आत. लेह साडेतीन हजारावर, तिथे पोचल्यावर दोन दिवस गाडीला हात लावू नये. आणि जिममध्ये जाणाऱ्याला त्रास होत नाही हा निव्वळ गैरसमज. उलट धडधाकट तरुणच डोकं दुखत असताना 'काही नाही रे' म्हणत आणखी वर जातात. गोळी कुठली आणि घ्यायची का ते आपल्या डॉक्टरला विचारा. त्रास वाढत चालला तर खाली उतरणं हाच उपाय, मग बुकिंग गेलं तर जाऊ द्या.

आता धाग्याचा विषय. सरचूच्या मुक्कामाची पुष्कळ वर्णनं वाचली. सगळ्यांत तारे आहेत. माझ्याकडे परत आल्यावर तीच माणसं सांगतात की रात्रभर उलट्या झाल्या, मित्र भ्रमिष्टासारखं बोलत होता, तंबूत कुणी झोपलं नाही. हे लेखात का नसतं? निवांत_वाचक म्हणतात सगळे तेच लिहितात. मला वाटतं सगळे तेच गाळतात, म्हणून उरलेलं सारखं दिसतं.

निवांत_वाचक
डॉक्टर, हे मला सुचलं नव्हतं. आता डोक्यात यादी सुरू झाली. भांडणंही गाळतात. पाच मित्र दहा दिवस एकत्र हिंडतात आणि एकदाही वाजत नाही, हे फक्त प्रवासवर्णनातच घडतं.

अण्णा_सांगलीकर
आमचं वाजलं होतं. कारगिलला. बिलावरून. लिहिलं असतं, पण त्यातला एक माझा मेव्हणा आहे आणि तो इथं वाचतो.

कुळागर
आणखी एक गाळलेली गोष्ट: मागे बसलेलं माणूस. 'मी आणि सौ. निघालो' हे पहिल्या परिच्छेदात, त्यानंतर सौ. एकदम शेवटच्या आभारात. पिलियनने लिहिलेलं मी तरी काही वाचलेलं नाही.

मागची_सीट
केवळ कुळागर यांच्या प्रतिसादासाठी आयडी उघडला आहे. आमच्या घरातून स्पितीचं वर्णन इथे येऊन गेलं, कुणाचं ते सांगत नाही.

मागच्या सीटवरून समोरचं काही दिसत नाही. समोर हेल्मेट असतं, त्यावर चिकटवलेला भगवा स्टिकर असतो. मला रस्ता दिसतो तो बाजूने. त्यामुळे डोंगराच्या शिखरापेक्षा कडेला काय चाललंय ते जास्त दिसतं. उकडलेली अंडी विकणारी पोरं, उलटून पडलेला आणि रंग उडालेला ट्रक, रस्त्यावर डांबर टाकणाऱ्या झारखंडच्या बायका, त्यांनी पाठीला बांधलेली मुलं.

लेखात एक वाक्य होतं: 'छत्रू ते बातलमधले नाले पार करून कुंझुमकडे निघालो.' ते असं झालं. दुपार झाली होती. वरचं बर्फ उन्हाने वितळतं, त्यामुळे सकाळी घोट्याएवढा असलेला नाला दुपारी गुडघ्याला येतो, हे आम्हाला ढाब्यावर सांगितलं होतं. दोघांचं वजन घेऊन गाडी दगडांत अडकते, म्हणून दर नाल्याला मी उतरायचं. बूट काढून, मोजे बुटात कोंबून, नाड्या गळ्यात अडकवून मी पाण्यात. पहिली चार पावलं कापल्यासारखी लागतात. नंतर काहीच लागत नाही, आणि ते जास्त वाईट, कारण पाय दगडावर पडलाय की फटीत ते कळत नाही. वर एका हातात मोबाईल, कारण नाला ओलांडताना गाडीचा फोटो हवा. तो फोटो मी पाण्यात उभं राहून काढला आहे. उंच उडालेलं पाणी छान आलंय, सगळ्यांनी कौतुक केलं.

शेवटच्या नाल्यात मधोमध मी थांबले. पुढेही जाता येईना, मागेही. पलीकडे एक पिकअप उभी होती. तिचा क्लीनर, मिसरूड न फुटलेला मुलगा, काही न बोलता पाण्यात उतरला आणि त्याने हात पुढे केला. काठावर आल्यावर मटारच्या पोत्याने माझे पाय खसाखसा पुसले, आपली आई पुसेल तसे, आणि रागावून म्हणाला, "दीदी, सुबह आना चाहिए था ना." नाव विचारायच्या आत गाडी सुटली त्याची.

त्या वेळी चालक महाशय पुढच्या वळणावर सायलेन्सरमधलं पाणी काढत होते. त्यामुळे लेखात तो मुलगा नाही. त्यांना तो माहीतच नाही, आता हे वाचून कळेल.

घाटवळण
बाप रे. हे वर्णन आधी का नाही आलं?

सोनकी
मागची_सीट, तुम्ही लिहायचं थांबवू नका. सगळी सफर बाजूने लिहा.

जुनाजाणता
माझी पंचवीस वर्षांची अट या बाईंना लागू नाही.

पुढची_सीट
वाचतोय. ते फोटो तिने काढलेत हे मान्यच आहे. फोटोखाली नाव टाकलं होतं की.

मागची_सीट
तुझं.

अण्णा_सांगलीकर
पुढची सीट, आज रांधायचं तुमच्याकडं बघा.

निवांत_वाचक
मला माझं उत्तर मिळालं असं म्हणवत नाही, कारण पाना आणि सोनकी अजून भांडतायत आणि दोघांचंही पटतंय. पण एक करा. ज्यांनी इथे लेख टाकलेत त्यांच्या बरोबरच्या माणसाने, मागच्या सीटवरच्या किंवा दुसऱ्या गाडीवरच्या, त्याच सफरीवर चार परिच्छेद लिहावेत. मेव्हणेसुद्धा चालतील. मी सगळे वाचीन.

पाना_१०_१२
माझ्या मागे म्हातारा होता. त्याचं वर्णन मी मंगळवेढ्यापर्यंत ऐकलं, दिलं.

धुळवड_२२
पूर्ण धागा वाचला नाही, पण मेच्या शेवटी मनालीमार्गे लेह जमेल का? गाडी १५० सीसी, आम्ही दोघं.

लामा_रायडर
गाडी चालेल, रस्त्याचं सांगता येत नाही. मेच्या अखेरीस बारालाचा खिंडीत बर्फ असतं, रस्ता उघडला तरी मधेच बंद होतो. जूनचा तिसरा आठवडा धरा, किंवा श्रीनगरकडून चढा आणि मनालीकडे उतरा. डॉक्टरांचा प्रतिसाद तेवढा वर जाऊन वाचा. नाले सकाळी. आणि मागे कोण बसणार आहे त्यांना हा धागा आधी दाखवा.